बोर्गच्या हाती आजची तात असती तर

नांदेडच्या एका पालकांनी विचारलं आहे: "घरात रोज वाद. आमचे आबा बोर्ग-मॅकेन्रोच्या काळातले. ते म्हणतात, हल्ली टेनिस राहिलंच नाही, दोघं मागं उभे राहून नुसते रट्टे मारतात. मी फेडररवाला. मुलगी बारा वर्षांची, दोन वर्षांपासून खेळते, ती अल्काराझशिवाय दुसरं नाव घेत नाही. सर, खरा मोठा कोण? खेळ बदलला तो कशामुळं? आणि मुलीला एकहाती बॅकहँड शिकवावा का?"

वाद तुम्ही माझ्यापर्यंत आणलाच आहे, तर निकाल आधी देतो. मोठा जोकोविच. ग्रँड स्लॅम, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची जेतेपदं, त्याच्या २४, नदालच्या २२, फेडररच्या २०. समोरासमोर नदालच्या पुढं ३१-२९, फेडररच्या पुढं २७-२३. पहिल्या नंबरवर ४२८ आठवडे, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. ऑलिंपिकचं सुवर्ण तेवढं राहिलं होतं, तेही २०२४ला पॅरिसमध्ये अल्काराझला ७-६, ७-६ हरवून घेतलं. तुमच्यासारखाच मीही फेडररवाला आहे. २०१९ची विम्बल्डन फायनल संपली त्या रात्री मी न जेवता झोपलो. पण वही उघडली की वहीत लिहिलंय तेच वाचावं लागतं.

मात्र ही वही फार तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांपुरती चालते. तिच्यात बोर्ग किंवा त्याच्याही आधीचा लेव्हर बसवायला गेलात की हिशेब चुकतो. आबांचा राग तिथलाच असावा.

माझे वडील परभणीत एका क्लबात मार्कर होते. मार्कर म्हणजे संध्याकाळी साहेब लोकांशी खेळायचं, सकाळी कोर्ट राखायचं आणि दुपारी सावलीत बसून रॅकेटींना तात, म्हणजे जाळीची दोरी, घालायची. मी तिथं चेंडू वेचत वाढलो आणि पुढं शिकवायला लागलो, त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्यामुळं खेळाडू बघताना माझी नजर आधी त्याच्या पायाखाली जाते, मग हातातल्या रॅकेटीवर, आणि शेवटी माणसावर.

कुस्ती आपल्याकडं सगळ्यांना कळते, म्हणून तिथून सुरुवात करू. महाराष्ट्र केसरीत माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा असतो, दोन्हींकडचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. मातीत पाय रुततो, कुस्ती लांबते, दमाचा पैलवान पुढं जातो. गादीवर पाय सुटा राहतो आणि चपळाई कामाला येते. खाशाबा जाधव १९४८ला लंडनला गेले तेव्हा गादीची सवय नव्हती, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीहून ब्राँझ घेऊनच परतले. पैलवान तोच होता, मधल्या काळात गादी शिकला होता.

टेनिसचे असे आखाडे तीन. गवतावर चेंडू घसरतो आणि गुडघ्याच्या वर येत नाही. मातीवर तो रुततो, वेग टाकतो आणि खांद्यापर्यंत चढतो. हार्ड कोर्ट या दोन्हींच्या मधलं. आता हे बघा: १९७४पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम गवतावर होत होत्या. अमेरिकन ओपननं १९७५ला गवत काढून माती घातली आणि १९७८ला माती काढून हार्ड कोर्ट केलं. जिमी कॉनर्स ही स्पर्धा १९७४, १९७६ आणि १९७८ला जिंकला, म्हणजे एकच स्पर्धा तीन वेगळ्या जमिनींवर. ऑस्ट्रेलियातलं गवत गेलं १९८८ला. रॉड लेव्हरनं १९६९ला चारही जिंकल्या त्यातल्या तीन गवतावरच्या. त्याला कमी लेखायला जाल, तर हेही लिहून ठेवा की १९६३ ते १९६७ ही ऐन भरातली पाच वर्षं तो व्यावसायिक म्हणून, तेव्हाच्या नियमानं, ग्रँड स्लॅमच्या बाहेर होता. आणि बोर्ग ऑस्ट्रेलियाला आयुष्यात एकदाच गेला, १९७४ला. त्या काळी तिकडं कोणी फारसं जातच नसे. चोवीस, बावीस, वीस असं मोजायची रीत तेव्हा नव्हती, खेळाडूच मोजत नव्हते.

आमच्या क्लबाचं कोर्ट मुरमाचं होतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती खणून काढायची, खाली खडी, वर मुरूम, त्यावर चाळलेली तांबडी माती, मग पाणी मारून रोलर, आणि शेवटी चुन्याच्या रेघा. सकाळी पाणी मारलेलं असलं की चेंडू जड व्हायचा आणि थांबून यायचा. दुपारी चारला तेच कोर्ट वाळून खणखणीत झालेलं असे, आणि चेंडू सुळकन निघून जाई. सकाळी सहाला एक जोशी साहेबांना हरवायचा, संध्याकाळी त्यालाच जोशी साहेब हरवायचे, आणि दोघांनाही वाटायचं आपला खेळ बिघडला.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आठवत असेल. आमच्याकडंही माणसांनाच पाणी पुरत नव्हतं, कोर्टावर मारायचं कुठून? कोर्ट भुसभुशीत झालं, आणि पुढं त्यावर काँक्रीट करून निळा-हिरवा रंग दिला गेला. दोन वर्षांत पोरांचा खेळ पालटला. घसरत जाऊन चेंडू गाठणं गेलं. उंच, सावकाश, फिरत टाकणं गेलं. चौथ्या-पाचव्या फटक्याला पॉइंट संपवायची घाई आली. मी तोच, पोरं तीच, शिकवणंही तेच होतं. जगात जे वीस-पंचवीस वर्षांत झालं, ते मला परभणीत दोन वर्षांत बघायला मिळालं.

आता आबांचा काळ. लाकडी रॅकेट तुम्ही हातात धरली आहे का? जड, आणि तोंड आजच्या रॅकेटीच्या दोन तृतीयांश एवढंच. पावसाळ्यात ती वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवावी लागे. चेंडू बरोबर मधोमध लागला तर लोण्यासारखा जायचा, बोटभर बाजूला लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या. असल्या हत्यारानं पळता पळता, नेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं चेंडू काढणं फार कठीण. म्हणून सर्व्हिस करून नेटवर धावत जाण्यात फायदा होता. ते शूरपण वगैरे काही नव्हतं, सरळ हिशेब होता.

मॅकेन्रो त्या हिशेबाचा सर्वांत हुशार विद्यार्थी. डावखुरा, पाठ जवळजवळ समोरच्याकडं करून सर्व्हिस, आणि सगळ्या फटक्यांना एकच ग्रिप, म्हणजे रॅकेट धरायची एकच पद्धत. ग्रिप बदलायला वेळच लागत नसल्यानं नेटवर त्याचा हात इतरांआधी पोचायचा. बोर्ग दुसऱ्या टोकाचा. आमचे वडील ५५ पौंडांच्या ताणावर तात ओढायचे, बोर्गच्या रॅकेटीवर ती ८० पौंडांच्या आसपास असे. एवढ्या कडक जाळीनं, लाकडाच्या रॅकेटीनं तो चेंडूला खालून वर घासत टॉपस्पिन द्यायचा. पॅरिसच्या मातीवर तो तासन्‌तास मागं राही, आणि दोन-तीन आठवड्यांनी विम्बल्डनच्या गवतावर पहिल्या सर्व्हिसमागं नेटवर जाई. फ्रेंच सहा, विम्बल्डन सलग पाच, आणि १९७८, १९७९, १९८० अशी तीन वर्षं लागोपाठ दोन्ही. मातीचा पैलवान दोन-तीन आठवड्यांत गादीचा होतो आणि पुन्हा केसरी होतो, असं हे. तेव्हा दोन्ही जमिनींत जेवढं अंतर होतं तेवढं आज उरलेलं नाही. म्हणून बोर्गचा हा पराक्रम मी २४च्या आकड्याशेजारी ठेवतो, खाली नाही.

१९८०ची बोर्ग-मॅकेन्रोची विम्बल्डन फायनल आमच्या घरी कुणी पाहिली नाही. वडिलांनी ती पेपरात वाचली आणि मला कोर्टावर चालून दाखवली. चौथ्या सेटचा टाय-ब्रेक, म्हणजे ६-६ झाल्यावरचा निकालाचा गेम, मॅकेन्रोनं १८-१६ घेतला, आणि तरी बोर्गनं पाचवा ८-६ जिंकला. पुढच्या वर्षी मॅकेन्रो जिंकला. दोघांचे एकूण सामने चौदा, सात-सात. १९८१ला अमेरिकन ओपनची फायनल हरल्यावर बोर्ग बक्षीस समारंभाला न थांबता निघून गेला, आणि सव्विसाव्या वर्षी त्यानं खेळ सोडल्याचं जाहीर केलं. १९९१ला माँटे कार्लोत तो परत आला, तोही लाकडी रॅकेट घेऊन. पहिल्याच फेरीत ६-२, ६-३ हरला. तोवर समोरच्यांच्या हातात ग्रॅफाइटची रॅकेट येऊन दहा वर्षं होत आली होती.

पण आबांना माझ्या वतीनं एक विचारा. त्यांच्या काळात रट्टे नव्हते का? होते की. पॅरिसला बोर्ग आणि व्हिलास एकेका पॉइंटला पन्नास-पन्नास वेळा चेंडू पलीकडं टाकत. ते आपल्यापर्यंत पोचत नव्हतं, कारण आपल्याकडं टेनिस म्हणजे विम्बल्डन. गवतावरचं टेनिस हेच टेनिस, अशी समजूत आपण करून घेतली.

ग्रॅफाइटनं रॅकेट हलकी, ताठ आणि मोठ्या तोंडाची झाली. आधी त्याचा फायदा सर्व्हिस करणाऱ्यांनीच घेतला. १९८५ला बेकर सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकला. पुढं सॅम्प्रस आला. १९९४ची सॅम्प्रस-इव्हानिसेविच फायनल आठवते? ७-६, ७-६, ६-०, आणि रॅली, म्हणजे चेंडूची लांब देवाणघेवाण, म्हणाल तर शोधावी लागे. मला सॅम्प्रस अतिशय आवडतो, पण त्या सामन्यात आमच्या घरात अर्धे लोक झोपले होते. अगासी त्याच्या बरोबर उलट. बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेघेच्या, आत उभा राहून, चेंडू टप्पा पडून वर येतानाच मारायचा, म्हणजे नेटवर येणाऱ्याला दोन पावलं कमी मिळत. दोघांत सॅम्प्रस २०-१४ पुढं राहिला, आणि २००१च्या अमेरिकन ओपनमध्ये तर चार सेट खेळूनही कुणी कुणाची सर्व्हिस मोडली नाही, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा एकही गेम घेतला नाही. पण पॅरिसची फायनल सॅम्प्रसला कधी दिसली नाही, आणि अगासीनं १९९९पर्यंत चारही ठिकाणी नाव कोरलं. मुलांनी पुढं उचलला तो अगासीचा खेळ. सॅम्प्रसचा फार थोड्यांनी.

त्याला कारण ठरली तात, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार, कारण गटिंग, म्हणजे तात ओढणं, हा आमचा घरचा धंदा. १९९७ला गुस्तावो कुएर्तेन नावाचा ब्राझीलचा सडपातळ पोरगा जगात ६६वा असताना फ्रेंच ओपन जिंकला. त्याआधी त्याच्याकडं मोठ्या दौऱ्यातलं एकही जेतेपद नव्हतं. त्याच्या रॅकेटीत पॉलिएस्टरची तात होती. जुनी तात आतड्याची, मऊ आणि उसळणारी. तिनं जोरात हात फिरवला तर चेंडू रेघेबाहेर. पॉलिएस्टर कडक आणि निर्जीव. जितका जोर लावाल तितका ती खाऊन टाकते, म्हणून पूर्ण ताकदीनं हात फिरवता येतो. शिवाय ती गुळगुळीत. चेंडू लागला की उभ्या ताती बाजूला सरकतात आणि लगेच जागेवर परत येतात, आणि येता येता चेंडूला फिरकी देऊन जातात.

असं काहीतरी होऊ शकतं हे लोकांना वीस वर्षं आधी कळलं होतं. १९७७ला दुहेरी ताती घातलेली एक रॅकेट निघाली होती, तिला स्पॅगेटी रॅकेट म्हणत. मातीवर महिनोन्‌महिने न हरलेला व्हिलास त्या रॅकेटीच्या नास्तासेसमोर दोन सेट हरला आणि वैतागून सामना सोडून गेला. टेनिस महासंघानं त्या रॅकेटीवर बंदी घातली. पॉलिएस्टरवर बंदी घालण्यासारखं काही नव्हतं, ती दिसायला साधीच तात होती.

परिणाम कोर्टावर कसा दिसला ते सांगतो. तुम्ही नेटवर उभे आहात. पूर्वी पासिंग शॉट, म्हणजे तुमच्या बाजूनं काढलेला चेंडू, सपाट यायचा, छातीच्या उंचीवर, व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आधीच फटका, मारायला सोयीचा. आता चेंडू नेटच्या वरून दीड-दोन फुटांनी येतो, आत्ता बाहेर जाईल असं वाटतं, आणि अचानक तुमच्या बुटांवर पडतो. पायाजवळून उचललेली व्हॉली वरच जाणार, आणि वर गेलेला चेंडू समोरचा पुन्हा मारणार. सॅम्प्रस-अगासीच्या पिढीत फोरहँडची फिरकी मिनिटाला सरासरी दोन हजार फेऱ्यांच्या आत होती, नदालची तीन हजारांच्या वर मोजली गेली. नेटवरच्या माणसाची तलवार कुणी काढून घेतली नाही, समोरच्यानं अंगात चिलखत घातलं.

त्यातच २००१ला विम्बल्डननं गवताचं बियाणं बदललं. आधी ७० टक्के राय आणि ३० टक्के फेस्क्यू असे, ते पूर्ण राय गवत केलं. कारण टिकाऊपणाचं दिलं गेलं, आणि ते खरंही असेल. पण खालची जमीन घट्ट राहू लागली आणि चेंडू जास्त उसळू लागला. २००१ची फायनल इव्हानिसेविच आणि राफ्टर या नेटवर धावणाऱ्या दोघांची. २००२ची ह्युइट आणि नालबांडियन या मागं राहणाऱ्या दोघांची. एका वर्षात. आबांचं टेनिस नेमकं कधी गेलं असं कुणी विचारलं, तर मी या दोन फायनलींच्या मधली जागा दाखवीन.

आता फेडरर आणि नदाल. आकडा नदालच्या बाजूनं, २४-१६. पण आकडा उकलून बघा. मातीवर नदाल १४-२. हार्ड कोर्टवर फेडरर ११-९, गवतावर फेडरर ३-१. म्हणजे सगळा फरक मातीतला. आणि मातीवर सामने इतके का झाले? कारण फेडरर मातीवरही फायनलपर्यंत पोचत राहिला. तो कच्चा असता तर आधीच बाहेर पडला असता आणि आकडा त्याला बरा दिसला असता. चांगलं असण्याची शिक्षा म्हणतात ती अशी.

डाव मात्र साधा होता, शाळेतल्या पोरालाही दिसेल असा. नदाल डावखुरा. त्याचा तिरका फोरहँड उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवर, म्हणजे डाव्या बाजूला, पडतो, आणि फिरकीमुळं टप्पा पडून खांद्याच्या वर चढतो. एकहाती बॅकहँडला खांद्यावरचा चेंडू म्हणजे माळ्यावरचा डबा टाचा उंचावून एका हातानं काढणं. जोर लागत नाही. फेडरर बिचारा स्लाइस करायचा, म्हणजे चेंडू खालून कापत हळू परत टाकायचा, नदाल पुन्हा तिथंच टाकायचा. पॅरिसमध्ये दोघं सहा वेळा भेटले आणि सहाही वेळा नदाल जिंकला. बोर्गच्या हाती आजची तात असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला लोक विचारतात. माझ्या मते तो उजव्या हाताचा नदाल झाला असता. पाय तसेच, डोकं तसंच थंड, आणि खालून वर घासणारा हात तर त्याचाच आधीचा.

२००७ला स्पेनच्या मायोर्का बेटावर एक गंमत झाली होती. अर्धं कोर्ट मातीचं, अर्धं गवताचं, मधे नेट, आणि दोघं एकमेकांविरुद्ध. बाजू बदलली की बूट बदलायचे. नदाल ७-५, ४-६, ७-६ जिंकला. तमाशाच होता तो, पण जमीन किती वजनाची असते ते लोकांना एका दुपारी कळलं असेल. पुढच्याच वर्षी नदालनं विम्बल्डनच्या गवतावर पाच सेटांत, पाचवा ९-७ असा जिंकून फेडररचं राज्य घेतलं. गवत तेव्हा पूर्वीचं गवत राहिलेलं नव्हतं, हे मी फेडररवाला म्हणून म्हणतो असं समजा हवं तर.

तुम्हाला खरा फेडरर बघायचा असेल तर २०१७ची ऑस्ट्रेलियन फायनल बघा. वय पस्तीस, गुडघ्यामुळं सहा महिने बाहेर. त्याआधीच, २०१४ला, त्यानं ९० चौरस इंचांच्या तोंडाची रॅकेट सोडून ९७ची धरली होती. पाचव्या सेटमध्ये १-३ मागं. आणि तिथून त्यानं बॅकहँडला स्लाइस करणं जवळपास बंद केलं. चेंडू खांद्यापर्यंत चढायच्या आधीच, पुढं पाऊल टाकून, वर येतानाच मारायला लागला, म्हणजे अगासीचा धडा एकहाती बॅकहँडनं गिरवला. ६-३नं सेट घेतला. माणूस पस्तिसाव्या वर्षी आपला कच्चा फटका दुरुस्त करू शकतो, हे मी दर वर्षी एका तरी हट्टी पोराला तो सामना दाखवून पटवतो.

जोकोविचबद्दल लोक म्हणतात, तो भिंत आहे. हे अर्धवट आहे. नदालचा तोच चढणारा चेंडू जोकोविचच्या दोनहाती बॅकहँडला कंबरेचा चेंडू वाटतो. तो त्याला सरळ रेषेत परत मारतो आणि नदाललाच पळवतो. २०११ला दोघांच्या सहा फायनल झाल्या, सहाही जोकोविचनं घेतल्या, त्यांतल्या दोन मातीवरच्या. दुसरी गोष्ट रिटर्न, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस परतवणं. पूर्वी सर्व्हिस ही मालमत्ता होती, यानं तिच्यावर कर बसवला. तिसरी गोष्ट मला शिक्षक म्हणून भीतीदायक वाटते. मातीवर घसरतात तसा तो सिमेंटसारख्या कोर्टावर घसरतो, दोन्ही पाय फाकून, आणि त्या अवस्थेतून फटका मारून परत उभा राहतो. आमची पोरं हे बघून करायला जातात. करू देऊ नका. घोटा जातो.

२०१९ची ती फायनल. फेडरर ८-७, ४०-१५, स्वतःच्या सर्व्हिसवर विजयाचे दोन पॉइंट. संपूर्ण सामन्यात फेडररनं जिंकलेले पॉइंट २१८, जोकोविचचे २०४. तिन्ही टाय-ब्रेक जोकोविचचे, आणि कपही. माझ्या शेजारी बसलेला एक जुना विद्यार्थी टीव्हीकडं बघत पुटपुटला, "काय खेळायलाय हा, न मरणारं भूत आहे का!" त्यावर मला अजूनही काही जोडता येत नाही. नेमक्या घडीला चूक न करणं हाही फटकाच आहे, आणि तो फटका या तिघांत त्याच्याकडं सर्वांत चांगला. म्हणून वरचा निकाल.

तुम्ही पुरुषांचंच विचारलंत, पण मुलगी शिकवताय तर एव्हर्ट आणि नवरातिलोवा यांच्याबद्दल तिला आधी सांगा. माझ्या दृष्टीनं टेनिसमधली सर्वांत मोठी जोडी तीच. ऐंशी सामने, ४३-३७ नवरातिलोवा पुढं, आणि दोघींच्या ग्रँड स्लॅम बरोबर अठरा-अठरा. एव्हर्ट मातीवर वाढलेली, दोनहाती बॅकहँड, चेहऱ्यावर माशी हलणार नाही. १९७३ ते १९७९ मातीवर सलग १२५ सामने जिंकलेली. नवरातिलोवा डावखुरी, नेटवर धावणारी. आधी ती हरत राहिली, मग व्यायाम, खाणं, सगळं बदलून आली आणि सलग तेरा वेळा एव्हर्टला हरवलं. त्यावर एव्हर्टनं तिशीत रॅकेट बदलली, अंग कमावलं, कधी नव्हे ती नेटवर यायला लागली, आणि १९८५ला पॅरिसची फायनल ६-३, ६-७, ७-५ अशी तिच्याकडून घेतली. फेडररनं २०१७ला केलं ते हिनं बत्तीस वर्षं आधी करून ठेवलं होतं, फक्त आपण तेव्हा बायकांचं टेनिस बघत नव्हतो.

अल्काराझबद्दल तुमची मुलगी बरोबर आहे. आणि आबांनाही तो दाखवा, त्यांना आवडेल. समोरचे सगळे बेसलाइनच्या दहा-दहा फूट मागं उभे राहायला लागले, तेव्हा पुढची जागा रिकामी पडली. ती त्यानं ओळखली. फोरहँड मारायचा आव आणून ड्रॉप शॉट, म्हणजे नेटला लागून हळूच पडणारा चेंडू, टाकतो, आणि समोरचा धावत आला की नेटवर उभा राहून व्हॉली. म्हणजे नेट परत आलं, पण सर्व्हिसमागून नाही, ड्रॉप शॉटमागून. सिनर त्याच्या उलट, सपाट आणि लवकर, बराचसा अगासी-जोकोविचच्या घराण्यातला. दोघांची २०२५ची पॅरिसची फायनल पाच तास एकोणतीस मिनिटं चालली. चौथ्या सेटमध्ये अल्काराझ ३-५, ०-४० असा मरणाच्या दारात होता, आणि जिंकला. पुढच्याच महिन्यात विम्बल्डनला सिनरनं त्याला हरवलं. दोघांना कुठं बसवायचं हे मला इतक्यात विचारू नका.

आता मुलीचा बॅकहँड. दोनहातीच ठेवा. एकहाती सुंदर दिसतो, मलाही तोच येतो, पण बारा वर्षांच्या हाताला आजचा चढणारा चेंडू झेपत नाही. मात्र स्लाइस एकहाती शिकवा, रोज वीस मिनिटं, कारण ड्रॉप शॉट आणि व्हॉली दोन्ही त्या ग्रिपमधून येतात. आठवड्यातून एकदा तिला नुसतं नेटवर उभं करा. आणि रॅकेटीत पूर्ण पॉलिएस्टर घालू नका, दुकानदार कितीही सांगो. ही चूक मी स्वतः केली आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका चौदा वर्षांच्या पोराला हौसेनं कडक पॉलिएस्टर घालून दिली, फिरकी बघून आम्ही दोघं खूश. तीन महिन्यांत त्याचं कोपर धरलं, आणि एक अख्खा हंगाम तो बाहेर बसला. मऊ नायलॉन, ५० पौंडांच्या आत, दोन वर्षं तरी.

तुमच्याकडं सिमेंटचं कोर्ट आहे, आणि तिला माती लागणं गरजेचं आहे. आमच्या इथं मागच्या बाजूला मुरमाचं एक कोर्ट मी पुन्हा उभं केलंय. पाऊस बरा झाला त्या वर्षी चालतं, नाहीतर बंद. सध्या चालू आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं या, सहाला पाणी मारतो, साडेसातपर्यंत खेळण्याजोगं होतं. आबांनाही आणा. वडिलांची लाकडी रॅकेट अजून प्रेसमध्ये आवळलेली आहे, तात तेवढी नवी ओढावी लागेल.